नाशिकची थंडी आणि पिंजऱ्यातलं घरटं

नाशिकचा पारा 10 अंशांखाली उतरला की ‘पिंजऱ्यात विणलेलं घरटं टांगा, पक्ष्याला ऊब मिळते’ हा सल्ला घरोघरी फिरतो. बजरीगरला (आपण सरसकट लव्हबर्ड म्हणतो तो) घरटं झोपायला लागतच नाही. तो दांडीवर पिसं फुलवून झोपतो. मूळच्या ऑस्ट्रेलियात ढोलीत शिरतो तो अंडी घालायला. घरटं मिळालं की मादी अंड्यावर येऊ शकते, आणि अंडं पोटात अडकलं तर तिचा जीवही जातो.

झेब्रा फिंच (पिंजऱ्यात पाळले जाणारे छोटे पक्षी) मात्र घरट्यात झोपतात. त्यांच्यासाठी गवताचं किंवा वेताचं, घट्ट विणीचं घ्या. रोज बोट फिरवून बघा; धागा सुटला असेल तर घरटं लगेच बदला. पक्ष्याच्या पायाला गुंतलेला दोरा आवळत जातो, त्याला बोटच गमवावं लागतं.

थंडीसाठी पिंजरा रात्री खिडकीपासून लांब ठेवा, तीन बाजूंनी चादर टाका.