काळी आणि पांढरी

काळी आणि पांढरी : महाराष्ट्राच्या पठारी भागातील गावाच्या जमिनीची परंपरेने चालत आलेली दुहेरी विभागणी. काळी म्हणजे कसण्याची जमीन आणि पांढरी (पांढर) म्हणजे वस्तीची जमीन, म्हणजेच गावठाण. शिवकालीन व पेशवेकालीन कागदपत्रांत हे शब्द महसुली अर्थाने येतात आणि वस्तीतील घरांवर बसणाऱ्या कराला पांढरपट्टी असे नाव होते. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथातही गावाची मांडणी याच दोन शब्दांनी सांगितली आहे. मात्र काळी व पांढरी ही केवळ जमिनीची प्रतवारी नाही. दैवते, नवस, सण, शपथा आणि मृतांची व्यवस्था यांचीही वाटणी या दोन मातींत झालेली आढळते, आणि ‘भूमी ही माता’ या सर्वपरिचित कल्पनेला मराठी मुलुखात आलेले खास रूप समजून घ्यायचे, तर ती वाटणी पाहावी लागते.

भेदाचे मूळ मातीच्या गुणातच आहे. बेसाल्ट खडक झिजून झालेली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती ओल धरून ठेवते म्हणून रब्बीची ज्वारी, करडई किंवा हरभरा जमिनीतल्या ओलीवर निघतो; परंतु फुगण्या-आकसण्याच्या याच खोडीमुळे तिच्या भिंती टिकत नाहीत. पांढरी माती निसर्गाने कमी आणि माणसांनी अधिक घडवलेली आहे. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींचा चिखल, हाडे, खापऱ्या आणि चुनखडीचे कण एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या साचून ती तयार होते. तिला फारशा भेगा पडत नाहीत, म्हणून घराच्या भिंतींना आणि मराठवाड्यात माळवद, तर खानदेशाकडे धाबे म्हणतात त्या सपाट छपराला तीच वापरली जाई. गावाजवळची जुनी गढी किंवा टेकाड खणून गाड्याच्या गाड्या माती नेण्याची पद्धत जुनी आहे. पुरातत्त्वज्ञांचे काही पुरावे अशा गाड्यांतून गेले, हे खरे असले तरी मुळात अशी पांढरीची टेकाडेच त्यांना जुन्या वस्तीची खूण दाखवत आली आहेत.

अशा टेकाडांपैकी पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात झाले आणि त्यातून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तेथे लहान मुलांचे दफन तोंडाला तोंड लावलेल्या दोन मातीच्या रांजणांत, राहत्या घराच्या जमिनीखाली केलेले आढळले. तेथेच जमिनीत पुरलेल्या झाकणाच्या एका मातीच्या डबीत स्त्रीमूर्ती ठेवलेली होती आणि तिच्यासोबत शिर नसलेली आणखी एक स्त्रीमूर्ती व एक बैल होता. या मूर्ती कच्च्या मातीच्या आहेत. त्यांचा नेमका अर्थ सांगणे धाडसाचे असले, तरी मृत बालक, स्त्री आणि बैल या तिघांनाही वस्तीच्या मातीच्या पोटात जागा होती, एवढे निश्चित.

शिरोहीन स्त्रीदेवतेचा धागा पुढे लज्जागौरीच्या मूर्तींत दिसतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे अशा मूर्ती मिळाल्या आहेत. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी लज्जागौरी, रेणुका, यल्लम्मा आणि वारुळाच्या रूपात पुजली जाणारी देवता यांची संगती भूमीच्या सर्जनशक्तीशी लावली. ‘रेणुका’ या नावातच रेणू, म्हणजे मातीचा कण आहे. गोव्यातील सातेरी या ग्रामदेवीच्या अनेक देवळांत गाभाऱ्यात मूर्तीऐवजी खरेखुरे वारूळ असते. त्याला तेथे रोयण म्हणतात. येथे माती देवीचे प्रतीक नसून तीच देवी आहे, आणि हा फरक बारीक असला तरी महत्त्वाचा आहे. वेरूळच्या लेण्यांत वराहाने उचललेली भूदेवी मानवी रूपात आहे. सातेरीला अशा रूपाची गरज भासलेली नाही.

वैदिक परंपरेत अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातील ६३ मंत्रांचे भूमिसूक्त या विषयावरील सर्वांत विस्तृत रचना होय. ‘माता भूमिः पुत्रो अहं पृथिव्याः’ हे त्यातील वचन सर्वत्र उद्धृत होते. त्याच्या लगतच्या मंत्रात भूमीला बभ्रू, कृष्णा आणि रोहिणी, म्हणजे पिंगट, काळी आणि तांबडी अशी विशेषणे आहेत, त्यांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. पांढरा रंग त्या ओळीत नाही. मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यातही आई म्हटली जाते ती काळीच. ‘काळी आई’ हा शब्दप्रयोग रूढ आहे, ‘पांढरी आई’ असे कोणी म्हणत नाही. पांढरी हा शब्द त्याऐवजी गावातल्या माणसांच्या समूहालाही लागू होतो.

काळीचे आईपण सणांत उघड दिसते. नवरात्रात घट बसवताना वावरातली माती आणून चाळतात, पत्रावळीवर किंवा परडीत तिचा दोन बोटे जाडीचा थर देतात, त्यात गहू, ज्वारी, हरभरा असे धान्य पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. घटातून पाझरणाऱ्या पाण्यावर धान्य उगवते. देवघरातल्या अंधारामुळे ते हिरवे न होता पिवळट वाढते. दसऱ्याला हे तुरे टोपीत किंवा फेट्यात खोवले जातात. लातूर, धाराशिव आणि लगतच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या (येळवस) होते. कन्नडमध्ये हिला तिळावरून ‘एळ्ळमावास्ये’ म्हणतात आणि मराठी नाव तेथूनच आले असावे. त्या दिवशी गाव ओस पडते. शेतात कडब्याची कोप उभारून तीत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, त्यांना भज्जी (मिश्र भाजी), बाजरीचे उंडे आणि आंबील यांचा नैवेद्य दाखवतात आणि ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ असे म्हणत (उच्चार गावागणिक बदलतो) पिकात आंबील शिंपडत फिरतात. पीक ऐन भरात असताना होणाऱ्या या पूजेला भूमीचे डोहाळजेवण समजले जाते.

पांढरीची दैवते वेगळ्या स्वभावाची असतात. वेशीतला मारुती, ग्रामदेवी आणि गावाच्या कडेला मरीआई यांच्याकडे पीक मागितले जात नाही, तर रोगराई व बाहेरची बाधा यांपासून राखण मागितली जाते. काळी जेथे संपते त्या शिवेवर म्हसोबा किंवा वेताळ असतो आणि नवरीची गाडी शीव ओलांडताना नारळ फोडण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. शिवेच्या तंट्यांत महार वतनदाराची साक्ष प्रमाण मानली जाई. ज्यांचा शब्द गावाची हद्द ठरवी त्यांनाच वस्ती मात्र गावकुसाबाहेर दिली जाई. पांढरीची माया सगळ्यांच्या वाट्याला आलेली नव्हती, हे या प्रतीकाबद्दल लिहिताना वगळता येत नाही.

काळी आणि पांढरी यांची अदलाबदल सहसा होत नसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने ती एका फटक्यात घडवली. माळवद गळू नये म्हणून त्यावर वरचेवर पांढऱ्या मातीचा नवा थर चढवला जाई. कित्येक पिढ्यांत जाड होत गेलेले हे छप्पर आणि त्याखालच्या दगड-मातीच्या भिंती पहाटेच्या झोपेत असलेल्या माणसांवर कोसळल्या, आणि प्राणहानी इतकी मोठी होण्याचे ते एक प्रमुख कारण ठरले. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. त्यासाठी शेतजमिनी संपादित झाल्या, म्हणजे तोवरच्या काळीवर आखीव गल्ल्यांची गावठाणे उभी राहिली, आणि जुन्या पांढरीवर पडक्या भिंती व बाभळी उरल्या.