राणी कामाला लागते तेव्हा

मध्यंतरी भाच्याचा घाबऱ्या घाबऱ्या फोन आला. "मामा, राणी वेड्यासारखं करतेय!" त्याने टेस्ट ट्यूबमध्ये लासियस नायजर या काळ्या मुंगीची छोटी वसाहत पाळली आहे. कापसाचा बोळा निसटला, पाणी आत आलं आणि होत्या तेवढ्या सगळ्या कामकरी मुंग्या बुडाल्या. राणी वाचली, थोड्या अळ्या आणि कोष वाचले. त्याने व्हिडिओ पाठवला. महिनोन् महिने एका जागी बसून असलेली राणी एक अळी जबड्यात धरून कोरड्या टोकाकडे निघाली होती. अळी खाली ठेवली, चाटून पुसून घेतली आणि पुढची आणायला ती माघारी वळली. त्याला वाटलं, धक्क्याने तिचं डोकं फिरलं. मला मात्र तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघावासा वाटला.

'राणी' हा शब्दच आपली दिशाभूल करतो. ती कुणावर राज्य करत नाही. राणीच्या मनातून लहरी निघतात आणि सारं वारूळ त्यांवर चालतं, असं सांगणारे व्हिडिओ लोक भक्तिभावाने बघतात. त्यात काडीचं तथ्य नाही. मुंग्यांचा व्यवहार गंध, स्पर्श आणि कंपनांवर चालतो.

राणीच्या आयुष्याची सुरुवात आठवा. समागमाचं उड्डाण झालं की ती पंख मोडून टाकते आणि जमिनीत स्वतःला कोंडून घेते. उडण्याच्या स्नायूंचं आता काम उरलेलं नसतं. ते शरीरातच विरघळतात आणि त्यांतून अंडी तयार होतात, अळ्यांना भरवायचं अन्नही. कित्येक आठवडे ती बाहेरचं काही खात नाही. अंडी चाटणं, अळ्या भरवणं, कोष फोडायला मदत करणं, सगळं एकटीने. पहिल्या कामकरी बाहेर आल्या की ती हे सोडून देते आणि उरलेला जन्म फक्त अंडी घालते.

हा बदल कायमचा, असंच वाटेल ना? जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठात रोमाँ लिब्रेख्त यांच्या गटाने २०२४ साली याच जातीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. नव्या राणीजवळ कामकरी ठेवल्या की तिचं बालसंगोपन मंदावतं. उलट, जुन्या वसाहतीतल्या राणीला कामकरींपासून वेगळं काढलं की ती पुन्हा अळ्या सांभाळू लागते, वर्षानुवर्षं ते काम केलं नसलं तरी! म्हणजे ही कला ती विसरत नाही. कामकरींची उपस्थिती तिला रोज, सतत दाबून ठेवते.

हे समजायला 'प्रतिसादाचा उंबरठा' ही कल्पना उपयोगी पडते. भुकेल्या अळीकडून येणारी चेतना, म्हणजे तिची हाक, ठरावीक पातळीवर गेली की मुंगी कामाला लागते. ही पातळी प्रत्येकीची वेगळी. जिचा उंबरठा खालचा ती आधी उठते, अळी भरवते आणि भरवल्यामुळे चेतना पुन्हा खाली येते. साहजिकच उंच उंबरठ्याच्या मुंगीपर्यंत हाक पोहोचतच नाही. ती आळशी नसते, तिची पाळीच येत नाही. राणीला या चित्रात बसवून बघा. आधी उठणाऱ्या नाहीशा झाल्या की चेतना चढत जाते आणि शेवटी राणीचा उंबरठा ओलांडते. या जातीची एक राणी पाळीव अवस्थेत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. एवढ्या आयुष्यात एखादं संकट येणारच.

राणी अळी खाताना दिसली तरी घाबरू नका. ऑक्सफर्डच्या प्रयोगात, तोही २०२४ चाच, राण्यांनी बुरशी लागलेल्या अळ्यांपैकी ९२ टक्के खाऊन टाकल्या, निरोगी अळ्यांपैकी फक्त ६ टक्के. रोग तिथेच थांबतो आणि ते पोषण नव्या अंड्यांत जातं. मात्र वारंवार हलवलेली, उजेडात ठेवलेली राणीही पिल्लं खाते. दर तासाला झाकण काढून बघणं हा तिच्यावर अत्याचारच आहे.

भाच्याला सांगितलं, नळी कोरडी कर, काळ्या कागदात गुंडाळ, साखरपाण्याचा एक थेंब आणि किड्याचा बारीक तुकडा ठेव, आठ दिवस हात लावू नको. त्याने बारा दिवस लावला नाही. मग कागद काढला तेव्हा दोन फिकट, नुकत्याच बाहेर आलेल्या कामकरी कोषांजवळ होत्या. राणीच्या जबड्यात अजून एक अळी होती. आणखी चार दिवसांनी ती अळी एका कामकरीने उचललेली होती आणि राणी कापसाला टेकून बसली होती.