बाई, अध्यक्षपद आणि ‘राजद्रोह’

कार्मे फोर्कादेल या स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातल्या, कॅटलान भाषेच्या शिक्षिका. जन्म १९५५ चा, एब्रो नदीकाठच्या गावातला. तेव्हा हुकूमशहा फ्रँकोची राजवट होती आणि शाळा स्पॅनिशमधून चालत. पुढे घरची भाषा शिकवणं हाच बाईंचा पेशा झाला. मध्ये चार वर्षं साबादेलच्या नगरपालिकेत त्या सदस्य होत्या.

कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याच्या चळवळीला खरा जोर आला २०१० मध्ये. लोकांनी सार्वमतात मंजूर केलेल्या प्रांताच्या स्वायत्तता कायद्यातली १४ कलमं स्पेनच्या घटनात्मक न्यायालयानं रद्द केली. दोन वर्षांनी बाई चळवळीतल्या सर्वांत मोठ्या लोकसंघटनेच्या प्रमुख झाल्या. २०१३ ची सुमारे ४०० किलोमीटरची मानवी साखळी त्यांच्याच काळातली. ११ सप्टेंबर २०१४ ला त्यांनी कॅटलोनियाच्या सरकारप्रमुखांना भर सभेत सांगितलं, ‘मतपेट्या मांडा’, म्हणजे सार्वमत घ्या. पुढच्याच वर्षी त्या निवडून आल्या आणि कॅटलोनियाच्या संसदेच्या अध्यक्ष झाल्या.

वादाचं मूळ ६ सप्टेंबर २०१७ च्या बैठकीत आहे. घटनात्मक न्यायालयानं बजावलं होतं, सभागृहाच्या कायदेतज्ज्ञांनीही धोक्याची सूचना दिली होती. तरीही स्वातंत्र्यावरच्या सार्वमताचं विधेयक कामकाजात घेतलं गेलं. दुरुस्त्या सुचवायला जेमतेम दोन तास मिळाले. ही घाई चुकलीच. विरोधकांचा संताप रास्त होता. मतदानाआधी ५२ सदस्य बाहेर पडले. रात्री ७२ मतांनी कायदा झाला, ११ जण तटस्थ राहिले. पण संसदेत काय चर्चेला यावं हे ठरवणं अध्यक्षांचं कामच आहे. त्यासाठी तुरुंग?

ऑक्टोबर २०१९ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांना साडेअकरा वर्षांची शिक्षा झाली, ‘सेदिसिओन’साठी. आपण याचं भाषांतर पटकन ‘राजद्रोह’ असं करतो आणि तिथेच फसतो. टिळकांवरच्या १८९७ आणि १९०८ च्या खटल्यांमुळे मराठी वाचकाला राजद्रोह म्हणजे सरकारविरुद्ध अप्रीती पसरवणारं लेखन-भाषण असंच वाटतं. स्पेनच्या कायद्यात मात्र जमावानं उठाव करून कायद्याची अंमलबजावणी रोखणं, असा त्याचा अर्थ होता. ‘बंडा’चा आरोप न्यायालयानं फेटाळला, कारण त्याला हिंसेचा वापर लागतो. मग खुर्चीत बसून विधेयक चर्चेला घेणारी व्यक्ती उठावात कुठे आली? चळवळीच्या एकूण आखणीत बाईंचा वाटा होता, असं न्यायालयाचं म्हणणं. संसदेच्या संचालन मंडळात त्यांच्याच शेजारी बसून निर्णय घेणाऱ्या चौघांवर वेगळा खटला चालला. २०२० मध्ये त्यांना आदेशभंगासाठी दंड आणि २० महिन्यांची पदबंदी झाली. टेबल एकच, निर्णय तेच, आणि शिक्षेत एवढी तफावत!

मार्च २०१८ पासून कोठडीत असलेल्या बाई जून २०२१ मध्ये माफी मिळून सुटल्या. जानेवारी २०२३ पासून ‘सेदिसिओन’चं कलमच कायद्यातून गेलं. जून २०२४ मध्ये संसदेच्या त्याच अध्यक्षपदावर बाईंबरोबर शिक्षा भोगलेले एक सहकारी निवडून आले.