वाढीचे संप्रेरक आणि रक्ताचा कर्करोग : एका संशयाची पार्श्वभूमी

ग्रोथ हॉर्मोनची, म्हणजेच वाढीच्या संप्रेरकाची, इंजेक्शने घेतलेल्या मुलांपैकी काहींना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाल्याचे जपानी डॉक्टरांनी १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कळवले, तेव्हा रुग्णांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. तरीही त्या पत्राने खळबळ उडाली, कारण तीनच वर्षांपूर्वी याच औषधाने वैद्यकविश्वाला एक मोठा धक्का दिला होता. मृतांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथींतून काढलेले संप्रेरक घेतलेल्या अमेरिकेतील काही तरुणांचा क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या असाध्य रोगाने मृत्यू झाल्याचे १९८५ मध्ये उघडकीस आले आणि तिथे त्याचे वाटप तडकाफडकी थांबवण्यात आले. त्याच वर्षी जनुकीय तंत्राने जीवाणूंकडून तयार करून घेतलेले संप्रेरक बाजारात आले. दूषित ग्रंथींची भीती त्यामुळे संपली, पण संप्रेरक स्वतःच कर्करोगाला खतपाणी घालत असेल, तर ते शुद्ध असून काय उपयोग, हा प्रश्न उरलाच.

हा संशय मुळात १९८८ चा नव्हे. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९५० मध्ये उंदरांना दीर्घकाळ पीयूषिकेतील वाढीचे संप्रेरक टोचले, तेव्हा त्यांच्या फुप्फुसांत आणि रोगप्रतिकाराशी निगडित लसिका ऊतींमध्ये गाठी झाल्या. मात्र पीयूषिका आधीच काढून टाकलेल्या उंदरांना तेच संप्रेरक दिले, तेव्हा गाठी झाल्या नाहीत. प्रयोगाचा पहिला अर्धा भाग पुढे वारंवार सांगितला गेला. दुसऱ्याची आठवण फारशी कोणी ठेवली नाही. माझ्या मते तोच अधिक बोलका होता, कारण आधीच पुरेसे असलेले संप्रेरक आणखी वाढवणे आणि नसलेले भरून काढणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे त्यातून दिसत होते.

माणसाच्या उपचारात प्रश्न भरून काढण्याचाच होता. गायीबैलांचे संप्रेरक माणसाच्या शरीरावर काम करत नाही, हे लक्षात आल्यानंतर अमेरिकी डॉक्टर मॉरिस रेबन यांनी मानवी पीयूषिकेतून ते वेगळे करण्याची पद्धत बसवली आणि १९५८ मध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाची उंची त्यामुळे वाढल्याचे नोंदवले. ही ग्रंथी जेमतेम वाटाण्याएवढी असते. शवविच्छेदनाच्या वेळी ती काढून ॲसिटोनमध्ये किंवा गोठवून जपून ठेवायची आणि पुरेशा ग्रंथी जमल्या की अर्क काढायचा, असा तो खटाटोप होता. एका मुलाच्या वर्षभराच्या उपचाराला कित्येक डझन ग्रंथी लागत. साहजिकच हे औषध फक्त तीव्र कमतरता असलेल्या मुलांना मिळे. त्यांपैकी काहींची कमतरता जन्मजात होती, तर काहींची पीयूषिका मेंदूतील गाठीने किंवा त्या गाठीवरील किरणोपचाराने निकामी झाली होती. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या दुसऱ्या गटात आहे.

अमेरिकेतील राष्ट्रीय कार्यक्रमातून संप्रेरक मिळालेल्या ६,२८४ जणांचा मागोवा १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ल्युकेमियाचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त निघाले, पण एकूण रुग्ण सहाच होते आणि त्या सहांपैकी पाच जणांच्या कमतरतेचे कारण मेंदूतील गाठ हे होते. चौघांना किरणोपचारही मिळाले होते. किरणोत्सर्गाने ल्युकेमियाचा धोका वाढतो, हे तर हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्यांच्या पाहणीपासून माहीत होते. ज्यांना आधी गाठ नव्हती, त्यांच्यात वाढलेले प्रमाण आढळले नाही. जपानमधील ३२ हजारांहून अधिक मुलांच्या १९९९ मधील आढाव्यातही हेच चित्र दिसले. तिथे ल्युकेमिया झालेल्यांपैकी काहींना फॅन्कोनी ॲनिमिया होता. या आनुवंशिक आजारात डीएनएची दुरुस्ती नीट होत नाही, उंची खुंटते आणि अस्थिमज्जा निकामी होत जाऊन ल्युकेमियाकडे वाटचाल होते. म्हणजे ज्या दोषामुळे मूल संप्रेरक घ्यायला येते, तोच दोष पुढे कर्करोगही घडवतो.

याच नात्याची उलट दिशा, म्हणजे ल्युकेमियाच्या उपचारांमुळे संप्रेरकाची कमतरता येणे, मात्र निर्विवाद आहे. बालपणीचा ल्युकेमिया बरा होऊ लागला तो १९६० च्या दशकात, केमोथेरपीच्या जोडीला मेंदूवर किरणोपचार देऊन तिथे दडून बसलेल्या पेशी मारायला सुरुवात झाल्यावर. त्याची किंमत काही वर्षांनी उंचीच्या तक्त्यावर दिसू लागली : वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरने चढणारी रेषा हळूहळू आडवी होत जाई आणि वर्गातली मुले पुढे निघून जात. मँचेस्टरमधील स्टीफन शॅलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ल्युकेमियावरील उपचारांनंतरच्या संप्रेरक-कमतरतेची नोंद केली. या मुलांना पुन्हा संप्रेरक द्यावे की नाही, हा खरोखर जिवावरचा निर्णय होता. कर्करोगातून वाचलेल्या ३६१ संप्रेरकधारकांच्या २००२ मधील अमेरिकी अभ्यासात मूळ आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. दुसरा कर्करोग होण्याचा धोका सुमारे तिप्पट झाला होता, विशेषतः ल्युकेमियातून बऱ्या झालेल्यांमध्ये, पण ते सारे घन गाठींचे कर्करोग होते. रक्ताचा त्यात एकही नव्हता.

तरी संशयाला जैविक आधार नाही, असे म्हणता येत नाही. लसिकापेशींवर (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) या संप्रेरकाचे ग्राहक, म्हणजे त्याला पकडणारे रेणू (रिसेप्टर), असतात आणि ग्राहकाला संप्रेरक चिकटले की पेशीच्या आत जेएके-२ हे विकर (एन्झाइम) जागे होते; याच विकरातील एका उत्परिवर्तनाने पॉलिसायथेमिया व्हेरासारखे, रक्तपेशी बेसुमार वाढण्याचे, रक्तविकार होतात, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. पण ते उत्परिवर्तन रक्तपेशीत आपोआप घडते, संप्रेरकामुळे नव्हे. दशकानुदशके संप्रेरकाचा अतिरेक सोसणाऱ्या ॲक्रोमेगालीच्या रुग्णांमध्येही चिंता प्रामुख्याने मोठ्या आतड्याच्या आणि थायरॉइडच्या कर्करोगाची असते.

आठ युरोपीय देशांतील सुमारे २४ हजार रुग्णांच्या २०१७ मधील पाहणीनेही संप्रेरकामुळे सरसकट कर्करोग वाढतो, या म्हणण्याला पाठबळ दिले नाही. हॉजकिन लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगाबाबत मात्र अधिक तपास हवा, असे नमूद केले. दवाखान्यात या इतिहासाचा परिणाम दोन नियमांत उतरला आहे. सक्रिय कर्करोग असताना संप्रेरक सुरू करत नाहीत आणि कर्करोगाचे उपचार संपल्यावरही बहुतेक ठिकाणी निदान वर्षभर थांबतात. ठेंगण्या मुलाच्या अंगठ्यात जन्मजात दोष, त्वचेवर कॉफीच्या रंगाचे डाग किंवा रक्तपेशींची घट दिसली, तर फॅन्कोनी ॲनिमियाच्या शंकेने पहिल्या इंजेक्शनआधी त्याचे रक्त गुणसूत्रांच्या तुटण्याची चाचणी करायला पाठवले जाते.