४६५ गप्प बसला म्हणजे बंद नाही

"४६५ वर टेलनेट केलं, कनेक्टेड म्हणतंय पण पुढे काहीच येत नाही, पोर्ट बंद आहे वाटतं." मेल सर्व्हरच्या ४६५ या पोर्टबद्दल (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं नंबर दिलेलं दार, टेलनेट म्हणजे त्याला जोडून साधा मजकूर बोलणारं टूल) हे इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदाच नीट लिहितो. अहो, पोर्ट बंद असता तर कनेक्टेड आलंच नसतं, रिफ्यूज्ड आलं असतं नाहीतर टाइमआउट.

२५ नंबरचा पोर्ट तुम्हाला माहितीये, एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल जातो तो. युजरच्या लॉगिनला तो वापरायचा नाही. ४६५ आणि ५८७ दोन्ही युजरने मेल पाठवायचे, लॉगिन दोन्हीकडे लागतं. फरक एकच, एन्क्रिप्शन कधी सुरू होतं.

५८७ वर सर्व्हर आधी बोलतो. २२० ची ओळ येते, तुम्ही ईएचएलओ ही ओळख देणारी कमांड टाकता, सर्व्हरला काय काय येतं त्याची २५० च्या ओळींची यादी येते आणि त्यात स्टार्टटीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शन सुरू करायची कमांड, दिसतं. इथपर्यंत सगळं उघड्यावर. क्लायंटने स्टार्टटीएलएस मागितलं की मग पुढचं एन्क्रिप्टेड. ४६५ वर मात्र पहिल्या बाइटपासून टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शनच, सर्व्हर क्लायंटच्या हँडशेकची, म्हणजे टीएलएसच्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीची, वाट बघत बसलेला असतो आणि टेलनेटला हँडशेक करता येत नाही, म्हणून स्क्रीन कोरी.

५८७ ची खरी गोची त्या उघड्या भागात आहे. मधे बसलेला कोणीही यादीतली स्टार्टटीएलएसची ओळ काढून टाकू शकतो, आणि क्लायंट "असेल तर वापर" वर ठेवलेला असेल तर तो बिनधास्त पासवर्ड साधाच पाठवतो. टीएलएसआधी ऑथ, म्हणजे लॉगिनची सोय, दाखवायचंच नाही असं सर्व्हरवर सेट करा, पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये एसएमटीपीडी-टीएलएस-ऑथ-ओन्ली येस, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका, कारण मधला माणूस ऑथची ओळ स्वतः घुसवू शकतो. क्लायंटमध्येच टीएलएस सक्तीचं हवं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, नवीन सेटअपला ४६५, आणि ५८७ फक्त जुन्या क्लायंटसाठी.

"पण ४६५ डेप्रिकेटेड आहे ना?" (म्हणजे मोडीत काढलेला) हे ऐकलं की खरंच त्रास होतो. १९९७ साली तो नोंदवला गेला, पुढच्याच वर्षी नोंद रद्द झाली, जुनी ट्युटोरियल्स तिथेच अडकलीत. २०१८ च्या जानेवारीत आलेल्या आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने त्याला परत आणलं आणि पसंतीही त्यालाच दिली.

तपासायला टेलनेट नको, ओपनएसएसएलचं एस-क्लायंट घ्या, त्याला टीएलएस बोलता येतं. ४६५ ला सरळ जोडा, ५८७ ला स्टार्टटीएलएस एसएमटीपी हा ऑप्शन द्या. तो विसरलात तर रॉंग व्हर्जन नंबर अशी एरर येते आणि लोक उगाच सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, नवीन काढत बसतात, सर्टिफिकेटचा काही संबंध नसतो. शेवटी व्हेरिफाय रिटर्न कोड शून्य, म्हणजे सर्टिफिकेट तपासणी पास, आलाय का बघा, आणि व्हेरिफाय-होस्टनेम पण द्या, नाहीतर भलत्याच नावाचं सर्टिफिकेट असलं तरी शून्यच दिसेल.

पोस्टफिक्सच्या मास्टर डॉट सीएफ या सेटिंग फाइलमध्ये सबमिशन्सच्या (४६५) ओळीखाली रॅपरमोड येस, म्हणजे सुरुवातीपासून टीएलएस, ५८७ च्या सबमिशनखाली सिक्युरिटी लेव्हल एन्क्रिप्ट, म्हणजे टीएलएस सक्तीचं. हे एन्क्रिप्ट जोशात सगळ्या पोर्टना लागू होणाऱ्या मेन डॉट सीएफमध्ये टाकू नका, ते २५ लाही लागतं, आणि मग टीएलएस नसलेल्या सर्व्हरकडून येणारा मेल तुमच्या दारातूनच परत जातो. २५ ला 'मे' (may), म्हणजे जमलं तर टीएलएस, हेच ठेवा.