तोड येईपर्यंतचं डोकं

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की वाळवा, पलूस, कराडच्या पट्ट्यात माणसं भेटल्यावर एकच विचारतात, "तोड आली का?" म्हणजे ऊस तोडायला कारखान्याची टोळी रानात आली का. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. तुरा फुटायला लागलेला असतो, म्हणजे वजन घटणार हे दिसतच असतं. गट ऑफिसला चकरा, मुकादमाची मनधरणी, टोळीच्या हातावर ठेवायचे खुशालीचे वरचे पैसे, सोसायटीचं थकलेलं कर्ज, पोरीच्या कॉलेजची फी. कागदावर हा माणूस लखपती आहे, तीन एकर उभा ऊस म्हणजे लाखांचा माल. तरी रात्री दोनला त्याचा डोळा उघडतो तो पुन्हा लागत नाही, आणि सकाळी खताच्या दुकानात गेल्यावर काय न्यायला आलो होतो तेच त्याला आठवत नाही.

घरचे म्हणतात, वय झालं. वयाचा यात फारसा संबंध नाही. डोक्याची ही अवस्था मोजता येते, आणि ती मोजली गेली आहे तीही उसाच्याच शेतकऱ्यांवर.

आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ या चौघांनी २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध केला. तमिळनाडूतल्या विळुप्पुरम आणि तिरुवण्णामलै जिल्ह्यांतल्या ५४ गावांमधले ४६४ ऊस उत्पादक त्यांनी निवडले. ऊसच का, तर या पिकाचा पैसा वर्षातून एकदा येतो. तोडणीआधी हात आखडलेला, तोडणीनंतर तोच हात मोकळा. गरीब माणसाची श्रीमंत माणसाशी तुलना करायची गरजच उरत नाही. एकाच माणसाची त्याच्याशीच तुलना करता येते. शिवाय तोडीची तारीख शेतकऱ्याच्या हातात नसते. गाळप क्षमतेप्रमाणे कुणाची आज, कुणाची दोन-तीन महिन्यांनी. त्यामुळे हवामानाचा किंवा सणावाराचा परिणामही बाजूला काढता आला.

चाचण्या दोन होत्या. एकीत आकृत्यांच्या रांगेत गाळलेली आकृती ओळखायची. दुसरीत समोर '५ ५ ५' असं दिसलं की आकडा किती वेळा आलाय ते झटकन सांगायचं, म्हणजे उत्तर तीन. करून बघा. जीभ 'पाच' म्हणायला धावते, तिला आवरावं लागतं. हे आवरणं म्हणजेच मेंदूचं नियंत्रण, जे दुकानात उधारीवर नको ती वस्तू घेताना किंवा पोरावर हात उगारताना कामी येतं. तोडणीआधी ७८ टक्के शेतकऱ्यांचं काही ना काही गहाण होतं, तोडणीनंतर ४ टक्के. आणि त्याच शेतकऱ्यांनी तोडणीनंतर आकृत्यांची कोडी जवळजवळ पाव हिश्शानं जास्त बरोबर सोडवली, आकड्यांच्या चाचणीत चुकाही कमी केल्या आणि वेळही कमी घेतला. सरावानं आकडे सुधारले असतील अशी शंका येते. म्हणून शंभर शेतकऱ्यांना तोडणीनंतर पहिल्यांदाच तपासलं होतं. निष्कर्ष टिकला.

संशोधकांचं म्हणणं असं की पैशाची विवंचना मनाची जागा अडवून ठेवते. माणूस तोच, अक्कल तीच. पण निम्मं डोकं हप्त्याच्या हिशेबात अडकलेलं. या कल्पनेवर वादही आहेत. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर कमी उत्पन्नाच्या लोकांची अशीच तपासणी झाली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फरक दिसला नाही. पंधरवड्याच्या पगाराची ओढाताण आणि वर्षभराच्या पिकाची टांगती तलवार या एका मापाच्या गोष्टी नाहीत, असं मला वाटतं. पण प्रश्न मिटलेला नाही, हे वाचकाला सांगायलाच हवं.

मनावरचा ताण शरीर किती शब्दशः घेतं, याचा पुरावा मात्र जखमेत सापडतो. ओहायोमध्ये जॅनिस कीकॉल्ट-ग्लेसर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. सेवेत अडकलेल्यांची जखम सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. पुढे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर तसाच प्रयोग झाला: सुट्टीतल्यापेक्षा परीक्षेच्या तोंडावर जखम भरायला ४० टक्के जास्त वेळ लागला.

कारण असं. धोका दिसला की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. साप आडवा आला तर हे रसायन जीव वाचवतं: साखर रक्तात आणतं, दुरुस्तीची कामं तात्पुरती बाजूला ठेवतं. जखमेकडे पेशींना बोलावणारे इंटरल्यूकिनसारखे निरोपे या काळात कमी तयार होतात. साप निघून जातो, कॉर्टिसॉल उतरतो, दुरुस्ती सुरू होते. पण बिल जमा होत नाही तोवर काळजी निघून जात नाही. ब्रूस मॅक्‌युएन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये या साठत जाणाऱ्या झिजेला 'ॲलोस्टॅटिक भार' असं नाव दिलं. रक्तदाब, साखर, पोटावरची चरबी, उडालेली झोप ही त्याची ओळखीची रूपं.

म्हणजे बरं होण्यासाठी शरीराला जे लागतं, ते आधी धोका टळल्याचा निरोप आहे. विश्रांती हा तो निरोप. इथे चेन्नईतल्या एका प्रयोगानं मला विचार करायला लावलं. डेटा एन्ट्रीचं काम करणारे, कमी उत्पन्नाचे ४५२ लोक. रात्री आठेक तास अंथरुणात, पण खरी झोप साधारण साडेपाच तास, तीही डास, उकाडा, गोंगाट यांनी तुटलेली. काहींना पंखे, गाद्या, कानातले बोळे, डोळ्यांवरच्या पट्ट्या दिल्या. झोप रात्रीमागे २७ मिनिटांनी वाढली. आणि त्याचा कामावर, मनःस्थितीवर, लक्षावर काहीच परिणाम दिसला नाही! पण ज्यांना दुपारी कामाच्या ठिकाणीच शांत खोलीत अर्धा तास पडायला मिळालं, त्यांचं लक्ष सुधारलं, कामाचा वेग वाढला, मनाला बरं वाटू लागलं, बचतसुद्धा वाढली. २०२१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुटक झोपेचे तास वाढवण्यापेक्षा थोडी सलग, निर्धास्त विश्रांती जास्त मोलाची ठरली. त्या अर्ध्या तासाचं काम मात्र बुडतं, म्हणून दिवसभर न थांबता काम करणाऱ्यांपेक्षा त्यांची कमाई थोडी कमीच भरली. ज्याचं पोट रोजावर आहे, त्याला 'जरा विश्रांती घ्या' एवढं सांगून भागत नाही ते यामुळेच.

आपल्याकडे दुपारी पाठ टेकणं ही पुरुषाला मुभा आहे, बाईला नाही. आषाढात सातारा-सांगलीकडे बेंदूर येतो. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, जू घासून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, आणि सणाच्या दिवशी त्याला कामाला जुंपत नाहीत. ज्या समाजानं जनावराच्या विसाव्याची तिथी ठरवली, त्याला विश्रांतीचं महत्त्व कळत नव्हतं असं कोण म्हणेल? पण त्याच दिवशी त्याच घरातली बाई पहाटेपासून पुरणाच्या चुलीपुढे असते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांचे ९७, असं नोंदलं गेलं. ती दुपारी आडवी झालीच तर कडीचा आवाज आल्याबरोबर उठून बसते. 'रिकामी बसलीय' हे ऐकून घ्यायची तिची तयारी नसते. आपली किंमत आपण किती राबतो त्यावरून ठरते, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

समाजमाध्यमांवर समृद्धीचे वर्ग चालतात. स्वतःवर प्रेम करा, मनात भरभराट आणा, पैसा आपोआप ओढला जाईल, असं सांगतात. याला कसलाही आधार नाही, आणि अडचणीतल्या माणसाला 'तुझे विचारच कमी पडले' असं सांगणं क्रूर आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याजासह. माझ्या मते हा आरोग्याचाही नियम आहे. वेळेवर जमा झालेलं बिल जेवढी झोप देतं, तेवढी कुठलाच वर्ग देत नाही.

तरीही स्वतःची किंमत वाटणं ही हवेतली गोष्ट नव्हे. २०१४ मध्ये क्रिस्टल हॉल, झाओ आणि शफीर यांनी न्यू जर्सीतल्या एका मोफत अन्नछत्रावर येणाऱ्या लोकांसोबत काम केलं. काहींना आपल्याला अभिमान वाटला असा एखादा प्रसंग बोलून ध्वनिमुद्रित करायला सांगितलं, इतरांना रोजच्या जेवणाविषयी बोलायला सांगितलं. अभिमानाचा प्रसंग सांगितलेल्यांनी कोडी जास्त चांगली सोडवली, आणि सरकारी मदतीच्या योजनांची माहितीपत्रकंही जास्त जणांनी थांबून उचलली. नुसता गमतीदार व्हिडिओ दाखवून हा परिणाम झाला नाही. सुखवस्तू लोकांवरही झाला नाही. जिथे लाज वाटायला लावली जाते, तिथेच मानानं काम केलं.

पीककर्जाच्या नूतनीकरणाला बँकेच्या काउंटरवर उभा राहिलेला शेतकरी आठवा. तो आधी टोपी काढतो, मग आवाज खाली आणतो. फॉर्म समोर ठेवला की त्यातलं निम्मं वाचायचं राहून जातं, व्याज सवलतीचा रकाना तसाच सुटतो. त्याला बसायला खुर्ची द्यावी आणि अर्ज भरण्याआधी विचारावं, "काका, गेल्या साली एकरी किती टन काढला? बेणं कुठलं होतं?" तो खोडव्यापासून ठिबकपर्यंत सगळं सांगेल. अर्ज त्यानंतर पुढे करावा.