माठातले पाणी किती गार होईल, हे कोण ठरवते?

माती मुळातच थंड असते, म्हणून माठातले पाणी गार होते, असे स्पष्टीकरण आपल्याकडे सर्रास दिले जाते. ते खरे असते, तर माठाला बाहेरून तैलरंगाचे दोन हात दिल्यानेही काही बिघडले नसते. प्रत्यक्षात असा रंगवलेला माठ खोलीच्या तापमानाजवळ येऊन थांबतो. मातीच्या अंगी गारवा नाही. तिच्या अंगी छिद्रे आहेत, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या छिद्रांचे मोल फार मोठे आहे.

जाते, पाटा-वरवंटा, कोळशाची शेगडी, पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब ही सगळी साधने विजेशिवाय चालतात, परंतु त्यांना एकतर मनगटातली ताकद लागते किंवा जळण. माठाला दोन्ही लागत नाही. त्याच्यासाठी काम करते ती कोरडी हवा, आणि ते काम नेमके कसे होते हे समजून घेण्याजोगे आहे.

पाण्यातील सर्व रेणूंचा वेग सारखा नसतो. जे अधिक वेगवान असतात ते शेजारच्या रेणूंची ओढ तोडून हवेत निसटतात, आणि वर्गातील उंच मुले बाहेर गेल्यावर उरलेल्यांची सरासरी उंची घटावी, तशी मागे राहिलेल्या रेणूंची सरासरी ऊर्जा घटते, म्हणजेच पाणी थंड होते. उकळत्या पाण्याच्या एक ग्रॅम वाफेसाठी ५४० कॅलरी लागतात, हे शाळेत शिकवले जाते. घरातल्या तापमानाला हा अप्रकट उष्मा थोडा अधिक, सुमारे ५८० कॅलरी असतो. त्यामुळे दहा लिटर पाणी ३५ अंशांवरून २५ अंशांवर आणण्यासाठी, बाहेरून येणारी उष्णता क्षणभर बाजूला ठेवली, तर जेमतेम १७० मिलिलिटर पाणी उडून जाणे पुरते. ते तसेच गार ठेवण्यासाठी मात्र बाष्पीभवन अखंड चालावे लागते, आणि माठातून दिवसभरात एक लिटर पाणी उडत असेल, तर तो चोवीस तास सुमारे २८ वॅट इतक्या दराने उष्णता बाहेर टाकत असतो.

मग पाणी गार होत होत गोठत का नाही? माठाच्या पृष्ठभागावर एकाच वेळी दोन विरुद्ध प्रवाह चालतात. वाफ उष्णता घेऊन बाहेर जाते. उलट माठ हवेपेक्षा थंड झाला की हवेतील उष्णता त्याच्याकडे येऊ लागते. माठ जितका थंड होतो तितकी आत येणारी उष्णता वाढते, आणि थंड पाण्याचा बाष्पदाब कमी असल्याने बाहेर जाणारी वाफ घटते. एका विशिष्ट तापमानाला हे जमा-खर्च जुळतात. तापमापकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळून त्यावरून वारा वाहू दिला की तो जे तापमान दाखवतो, ते हेच. हवामानाच्या वेधशाळांत ते नेमाने नोंदवले जाते.

येथे एक विलक्षण गोष्ट आहे. वारा वाढला की वाफ लवकर निघून जाईल आणि हे समतोलाचे तापमान आणखी खाली उतरेल, असे कोणालाही वाटेल. तसे जवळजवळ होत नाही. माठाला हवेचा एक पातळ थर चिकटलेला असतो, आणि वाफ व उष्णता या दोघींना तो थर विसरणानेच, म्हणजे जास्तीकडून कमीकडे आपोआप पसरत जाऊनच, ओलांडावा लागतो. हवेतील पाण्याच्या वाफेचा विसरणांक, म्हणजे पसरण्याच्या वेगाचे माप, सेकंदाला सुमारे ०.२५ चौरस सेंटिमीटर आहे, तर उष्णतेचा सुमारे ०.२२, म्हणजे दोघींची चाल जवळपास सारखी. वाऱ्याने थर पातळ झाला की दोन्ही प्रवाह जवळपास एकाच पटीत वाढतात आणि समतोलाचा बिंदू जागेवर राहतो. तरीही माठ वाऱ्यात ठेवण्याला अर्थ आहे, कारण भिंतींकडून प्रारणाने (किरणांच्या रूपाने) येणारी आणि बुडातून शिरणारी उष्णता वाऱ्याबरोबर वाढत नाही. संथ हवेत हीच फुकटची उष्णता माठाला समतोलाच्या बऱ्याच वर रोखून धरते. वाऱ्यात तिचा वाटा नगण्य होतो. खालची मर्यादा मात्र हवेचे तापमान आणि तिच्यातील आर्द्रता या दोघांनीच ठरते.

आता आकडे पाहू. मे महिन्यात दुपारी सोलापूरचे तापमान ४१ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ही मर्यादा २२ ते २३ अंश येते. मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर ती २७ अंशांच्या पुढे राहते. सोलापुरातच जुलैमध्ये ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली, तर मर्यादा २५ अंशांवर जाते. म्हणजे होरपळणाऱ्या मे महिन्यात माठ जितका गार होऊ शकतो तितका तो पावसाळ्यात होऊ शकत नाही! प्रत्यक्षातले पाणी या मर्यादेच्या काही अंश वरच राहते, परंतु हा क्रम बदलत नाही.

छिद्रे आपोआप येत नाहीत. कुंभार मातीत राख, भुसा किंवा लीद मिसळतो. भट्टीत त्यांतला जळण्याजोगा भाग जळून जातो आणि सूक्ष्म पोकळ्या उरतात, ज्यांतून केशाकर्षणाने पाणी बाहेरच्या अंगापर्यंत पोहोचते. पाणी क्षारयुक्त असेल, तर ते उडताना क्षार मागे राहून ही छिद्रे हळूहळू बुजतात, आणि जुना माठ पूर्वीसारखा गार करत नाही त्याचे हे प्रमुख कारण आहे. माठ सावलीत, तिवईवर, खिडकीच्या वाऱ्यात ठेवावा आणि पाणी काढण्यासाठी हात न बुडवता ओगराळे वापरावे.

माठातले पाणी अल्कधर्मी होऊन आम्लपित्त बरे करते, असे संदेश दर उन्हाळ्यात फिरतात. पोटातील जठररस इतका तीव्र आम्लधर्मी असतो की पाण्याच्या सामूतील (पीएचमधील) अशा किरकोळ फरकाला तेथे काहीच किंमत उरत नाही. माठ पाणी निर्जंतुकही करत नाही. जे तो खरोखर करतो तेच इतके सुंदर आहे की त्याला औषधी गुण चिकटवण्याची गरज नाही.

माठाने फ्रीजची जागा पूर्णपणे घ्यावी, अशी अपेक्षाही ठेवू नये. शिजवलेले अन्न टिकवण्यासाठी सुमारे ४ अंश तापमान हवे, आणि बाष्पीभवन सोलापूरच्या उन्हाळ्यात तेथवर कधीच पोहोचणार नाही. फ्रीजविना राहणाऱ्या घराने दूध दोन्ही वेळा तापवावे, उरल्यास विरजण लावावे आणि स्वयंपाक त्या-त्या वेळेपुरताच करावा. भाजीपाल्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तिला थंडाव्याइतकीच दमट हवा लागते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात तयार झालेला शून्य ऊर्जा शीतकक्ष याच तत्त्वावर चालतो: विटांच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये वाळू, आणि ती वाळू व विटा ओल्या ठेवण्यापुरते पाणी. परसात सावलीची जागा असेल, तर गवंड्याकडून तो बांधून घेता येतो, आणि पालेभाज्या व टोमॅटो त्यात उघड्यावरच्या टोपलीपेक्षा बरेच अधिक काळ ताजे राहतात.